'चरित्र अभिनेता' मराठीत चालेल का?

हॅरी डीन स्टँटनवर लेख लिहितेय. इंग्रजीत ज्याला 'कॅरेक्टर ॲक्टर' म्हणतात, म्हणजे छोट्या पण लक्षात राहणाऱ्या भूमिका करणारा नट, तसा तो. पहिल्याच ओळीत 'अमेरिकी चरित्र अभिनेता' लिहिलं आणि अडखळले. आपल्याकडे चरित्र म्हणजे जीवनकथा: शिवचरित्र, लीळाचरित्र, हल्लीचे चरित्रपट. वाचक विचारतील, यानं कुणाकुणाची चरित्रं साकारली? त्यापेक्षा 'सहायक अभिनेता' लिहू का?

—

शंका रास्त आहे. हिंदीत चरित्र म्हणजे पात्र असाही अर्थ होतो. तिथून 'चरित्र भूमिका' आपल्याकडे आयती आली. वर्तमानपत्रांत रुळलीये, त्यामुळे चूक म्हणवत नाही, पण खटकते खरी.

'सहायक' मात्र नको. स्टँटनचंच बघा. १९२६चा, केंटकीतला. महायुद्धात नौदलात आचारी, मग पॅसाडेना प्लेहाउसमध्ये नाटकाचं शिक्षण, आणि पन्नाशी उलटली तरी छोट्या भूमिकाच. 'एलियन'मध्ये (१९७९) मांजर शोधायला जाऊन जिवाला मुकणारा ब्रेट, तो हाच. मग १९८४मध्ये दिग्दर्शक विम वेंडर्सनी त्याला 'पॅरिस, टेक्सस'चा नायक केलं. नायक कसला, सुरुवातीची पंचविसेक मिनिटं तोंडच उघडत नाही! चित्रपटाला फ्रान्समधल्या कान महोत्सवात पाम दोर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तरी स्टँटन काही स्टार झाला नाही. पुन्हा आपला छोट्या भूमिकांकडे. थेट २०१७च्या 'लकी'त परत नायक, नव्वदीत. चित्रपट अमेरिकेत थिएटरांत लागायच्या दोन आठवडे आधी स्टँटन गेला. याला 'सहायक' कसं म्हणायचं?

—

पण समीक्षक रॉजर एबर्टचा गाजलेला नियमच आहे की सहायक भूमिकेत स्टँटन किंवा त्याच्यासारखाच नट एम. एमेट वॉल्श असेल तो चित्रपट अगदीच टाकाऊ असू शकत नाही. (अपवाद सापडल्याचं पुढे त्यानंच कबूल केलं.) त्यात 'सहायक' आहेच की.

—

आहे, पण भूमिकेला लावलेलं. भूमिका सहायक असते, नट नव्हे.

—

मग 'व्यक्तिरेखानट'?

—

व्यक्तिरेखा सगळेच नट करतात हो. शिवाय हा शब्द तोंडात बसत नाही. आणि लेखात त्याचे स्टुडिओबाहेरचे चित्रपट येणार असतील तर 'समांतर' लिहू नका, 'स्वतंत्र' लिहा. इंडिपेंडंट म्हणजे पैसा कुणाचा, हा मुद्दा.

—

'स्वतंत्र' घेते. बाकी 'कॅरेक्टर ॲक्टर' तसंच ठेवते, देवनागरीत. संपादकांनी 'चरित्र' केलं तर त्यांना इकडे पाठवीन.