मदत हवी आहे: डेगूच्या पिल्लांच्या दातांवर लक्ष कसं ठेवायचं?

रत्नागिरीत आमच्याकडे डेगूची, म्हणजे उंदरासारख्या एका छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्याची, दोन पिल्लं आहेत. यांचे पुढचे दातच नव्हे, दाढाही जन्मभर वाढतात, म्हणून जिवाला घोर लागलाय. पुढचे दात अजून फिकट आहेत. मोठेपणी नारिंगी होतात, पण रंग साधारण कधी चढतो? दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहिते. धाकटी हल्ली गवताच्या जाड काड्या टाकून नुसता मऊ पाला खाते, ते मला खटकतंय. हनुवटी कोरडी आहे, लाळ नाही. दाढा मात्र घरी दिसतच नाहीत. कोल्हापूर-पुण्याकडे सशांच्या, गिनीपिगच्या दाढा तपासणारे पशुवैद्य कुणाला माहीत आहेत का? शिवाय दाढा झिजतात त्या गवत चावूनच, आणि इथे जूनपासून सगळं दमट. बुरशी न लागता सुकं गवत तुम्ही कसं टिकवता?