मोगली एरंडाची बी
मुलांना विषबाधा होऊ शकते अशा झाडांमध्ये कण्हेर आणि धोतऱ्याचं नाव निघतंच, त्यात मोगली एरंडाची भर घालते. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून आमच्याकडे शेताच्या कुंपणाला हाच लावतात. वाळलेल्या फळात काळ्या बिया, फोडल्या की पांढरा गर, चवीला थेट शेंगदाण्यासारखा! म्हणूनच मुलं एका बीवर थांबत नाहीत, मित्रांनाही वाटतात. माझ्या भाच्याने चारच खाल्ल्या होत्या, तरी उलट्या-जुलाबांनी रात्रभर सलाईनवर होता.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला कोणी सांगेल, कृपा करून तसं करू नका. उरलेली बी सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा. आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, पोटात गेली असेल तर मूल खेळतंय म्हणून वाट पाहू नका, ती हृदयाचे ठोके बिघडवते.