प्रतिसाद: पिट्सबर्गची पोलीस व्हॅन

'ॲम्ब्युलन्स आणि पोलीस ही खाती अमेरिकेत पहिल्यापासून वेगळीच' हे वरचं म्हणणं पटलं नाही. पिट्सबर्गमध्ये 1960च्या दशकात फोन केला की पोलिसांचीच व्हॅन यायची. पेशंटला मागे टाकायचं आणि हॉस्पिटल गाठायचं, वाटेत उपचार जवळजवळ नाहीतच! हिल डिस्ट्रिक्टमधल्या कृष्णवर्णीय वस्तीला तर ती व्हॅन बोलावायचीच धास्ती.

तिथल्याच बेरोजगार तरुणांना भूलतज्ज्ञ डॉ. पीटर साफर यांच्या देखरेखीखाली प्रशिक्षण देऊन 1967 साली 'फ्रीडम हाउस' ॲम्ब्युलन्स सुरू झाली. आजच्या पॅरामेडिकची (ॲम्ब्युलन्समध्ये वाटेतच उपचार करणाऱ्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याची) घडण बरीचशी तिथलीच. 1975मध्ये महापालिकेने स्वतःची ॲम्ब्युलन्स सेवा काढून 'फ्रीडम हाउस' बंद केली आणि त्या अनुभवी माणसांपैकी बहुतेकांना हळूहळू बाहेर पडावं लागलं. याची मला फार चीड येते.