मदत हवी आहे: ‘काइंड ऑफ ब्लू’ची कोणती आवृत्ती घ्यावी?

नमस्कार.

अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची एकच, पण पुन्हा बदलावी लागणार नाही अशी एलपी मला घ्यायची आहे. ज्यांनी तिच्या दोन-तीन आवृत्त्या एकाच टर्नटेबलवर ऐकल्या आहेत, त्यांचा सल्ला त्यासाठी हवा आहे. या ध्वनिमुद्रिकेची पुनर्मुद्रणे इतकी आहेत आणि त्यांच्या किमतींत इतकी तफावत आहे की विक्रेत्यांची वर्णने वाचून काहीच ठरवता येत नाही. ‘मूळ टेपवरून’ हे शब्द बहुतेक वेष्टनांवर असतात आणि त्यांचा अर्थ दर वेळी निराळा निघतो.

सध्या माझ्याकडे दोन प्रती आहेत. पहिली सत्तरच्या दशकातले अमेरिकन स्टिरिओ प्रेसिंग आहे, मुंबईत जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या एका गृहस्थांकडून घेतलेले. दुसरी अलीकडे युरोपात छापलेली स्वस्त प्रत आहे. जुन्या प्रतीत खरखर बरीच आहे, पण पॉल चेंबर्स यांचा डबल बेस लाकडी वाद्यासारखा वाजतो, तारेवर बोट पडल्याचे आणि मग वाद्याच्या खोक्यातून नाद घुमल्याचे वेगवेगळे कळते. नवी प्रत अगदी शांत आहे, मात्र तिच्यात तोच बेस पोकळ वाटतो आणि जिमी कॉब यांच्या झांजांना एक टोचरी धार येते. शिवाय जुन्या प्रतीची पहिली बाजू किंचित चढी वाजते, नवीची वाजत नाही.

हा चढेपणा ठाऊक असलेले अनेक जण येथे असतील, तरी ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे ध्वनिमुद्रण २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशी, कोलंबिया कंपनीच्या न्यू यॉर्कमधील तिसाव्या रस्त्यावरच्या, पूर्वी चर्च असलेल्या स्टुडिओत झाले. २ मार्चला मुख्य तीन-ट्रॅक यंत्र (एकाच टेपवर तीन स्वतंत्र पट्ट्यांत आवाज भरणारे) योग्य वेगापेक्षा किंचित हळू चालत होते. त्यामुळे ती टेप नेमक्या वेगाच्या यंत्रावर वाजवली की संगीत थोडे जलद आणि थोडे चढे ऐकू येते. ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’ या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना त्याच दिवशीच्या आहेत. ‘ऑल ब्लूज’ आणि ‘फ्लॅमेंको स्केचेस’ एप्रिलमधल्या, म्हणून दुसरी बाजू बिनदोष आहे. स्टुडिओत त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर राखीव टेपही भरली जात होती आणि तिचा वेग बरोबर होता. ती वापरून सुधारलेली आवृत्ती १९९२ साली प्रथम सीडीवर आली. तोपर्यंतच्या तीसहून अधिक वर्षांत जगभर जितक्या एलपी विकल्या गेल्या, त्या सगळ्यांची पहिली बाजू चढीच होती.

माझ्या टर्नटेबलचा वेग चुकत नाही ना, हे तपासायला मी पेटी घेतली. ‘सो व्हॉट’चा आधारस्वर पांढरी दोन आहे, मधल्या आठ मात्रावर्तनांत तो काळी दोनवर जातो आणि पुन्हा परततो, ‘ऑल ब्लूज’चा पांढरी पाच. जुन्या प्रतीत ‘ऑल ब्लूज’ पेटीशी नीट मिळते आणि ‘सो व्हॉट’ मात्र वर राहते. यंत्राचा वेग चुकत असता तर दोन्ही बाजू सारख्याच चढल्या असत्या. म्हणजे दोष मूळ मास्टरचा, म्हणजे ज्या टेपवरून तबकड्या काढतात तिचा आहे, एवढे निश्चित झाले. ज्यांना सुराची सवय आहे त्यांना हा फरक सोडून देता येत नाही, असे माझे मत आहे. त्यामुळे नवी प्रत सुधारित वेगाचीच हवी.

आता पर्याय. अमेरिकेतील अ‍ॅनालॉग प्रॉडक्शन्सने २०२१ मध्ये काढलेली २०० ग्रॅम वजनाची, पारदर्शक व्हायनिलवरची आवृत्ती सर्वांत जास्त वाखाणली जाते. तिचे मास्टरिंग (टेपवरचा आवाज तबकडीसाठी अंतिम करण्याचे काम) बर्नी ग्रंडमन यांचे असून छपाई कॅन्ससमधील सलायना येथे झालेली आहे. पुढे तिचीच ४५ आरपीएमची (मिनिटाला नेहमीच्या ३३⅓ ऐवजी ४५ फेऱ्यांची) दोन तबकड्यांची आवृत्तीही आली. मोबाइल फिडेलिटीचा ४५ आरपीएमचा संच २०१५ चा आहे. त्याविषयी माझ्या मनात अढी आहे, कारण ही कंपनी आपल्या अनेक आवृत्त्यांत टेप आणि तबकडी यांच्यामध्ये डिजिटल टप्पा वापरत होती आणि ते ग्राहकांना २०२२ च्या जुलैपर्यंत स्पष्टपणे सांगितले गेले नव्हते. डिजिटल टप्प्याने आवाज बिघडतोच असे मी मानत नाही, परंतु एवढी किंमत मोजणाऱ्याला तो सांगायलाच हवा. याशिवाय कोलंबिया आता जिच्या मालकीची आहे त्या सोनीची नेहमीची १८० ग्रॅमची एलपी आहे, जी या दोहोंच्या मानाने बरीच स्वस्त मिळते.

माझी खरी अडचण ‘ब्लू इन ग्रीन’पाशी आहे. पहिली बाजू सुमारे २५ मिनिटांची असल्यामुळे ही रचना लेबलाच्या अगदी जवळच्या खाचांत येते, जिथे तबकडी फिरण्याचा वेग तोच असला तरी सुईखालून जाणारी खाचेची लांबी कमी झालेली असते. हार्मन म्यूट (आवाज दबका करणारे धातूचे बूच) लावलेला ट्रम्पेट आणि बिल एव्हान्स यांचा पियानो, दोन्ही इतके हळुवार आहेत की तिथे थोडी जरी विकृती आली तरी कानाला जाणवते. माझ्या दोन्ही प्रतींत ती येते. ४५ आरपीएमवर खाच सुईखालून ३५ टक्के अधिक वेगाने जाते, म्हणून त्या आवृत्तीत हा त्रास कमी होईल असे वाटते, पण पाच रचना चार बाजूंवर विभागल्याने सलग ऐकण्याचा आनंद जातो. केवळ या एका रचनेसाठी ४५ घ्यावी का?

आणखी एक शंका. माझ्याकडे जॉन कोल्ट्रेन यांच्या ‘ब्लू ट्रेन’ची ब्लू नोटच्या टोन पोएट मालिकेतली, २०२२ ची मोनो (दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज देणारी) प्रत आहे. तिच्यातही बेसवर चेंबर्सच आहेत आणि तो आवाज मला माझ्या संग्रहात सर्वांत जास्त आवडतो. त्यावरून ‘काइंड ऑफ ब्लू’सुद्धा मोनोच शोधावी का, असा विचार मनात येतो. अमेरिकेहून मागवल्यास टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून किंमत फार वाढते, त्यामुळे प्रत आल्यावर परत करण्याचा पर्याय नाही. माझे कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचे असून सुईचे टोक लंबवर्तुळाकार आहे, हेही उत्तर देताना कृपया लक्षात घ्यावे.

प्रतिसाद १

तुम्ही केलेली पेटीची परीक्षा योग्य आहे. ज्यांच्याकडे पेटी नाही त्यांनी स्ट्रोबची तबकडी (जिच्यावरच्या रेघा योग्य वेगाला दिव्याखाली स्थिर दिसतात) वापरावी, मात्र ती आपल्या ५० हर्ट्झ विजेसाठी आखलेली, म्हणजे ३३⅓ करिता १८० रेघांची असावी. अमेरिकेतल्या तबकडीवर २१६ रेघा असतात आणि ती आपल्या दिव्याखाली चुकीचे उत्तर देते. वेगात १ टक्का फरक पडला की सूर सुमारे १७ सेंटने (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) सरकतो, एवढे लक्षात ठेवले तर अंदाज घेणे सोपे जाते.

तुमची युरोपीय प्रत सुरात असून निर्जीव का वाटते, याचे कारण बहुधा तिच्या उगमात आहे. युरोपात १९६२ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांचे संरक्षण संपलेले असल्यामुळे तिथे कोणीही ती छापू शकतो, पण मूळ टेप मात्र सोनीच्याच ताब्यात आहे. अशा प्रती सर्वसाधारणपणे सीडीवरून किंवा डिजिटल फाइलवरून कापल्या जातात. सूर बरोबर असणे हीच इथे खूण आहे, कारण ती १९९२ च्या किंवा त्यानंतरच्या सुधारित सीडीवरून बनली असावी. त्या वाटेने आलेला आवाज वाईटच असतो असे नाही, पण मास्टरिंग करणाऱ्याचे नाव वेष्टनावर नसेल तर मी ती प्रत घेत नाही.

मोनोविषयी थोडे सविस्तर लिहितो. ‘ब्लू ट्रेन’ १५ सप्टेंबर १९५७ रोजी ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक येथे, आपल्या आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रित केली. त्या काळात ते मोनो आणि दोन-ट्रॅक स्टिरिओ अशी दोन यंत्रे चालवत. दोन-ट्रॅकमध्ये वाद्ये डावीकडे-उजवीकडे सरकतात आणि मधली जागा रिकामी पडते, म्हणून तिथे मोनो अधिक भरीव लागते. कोलंबियाच्या तीन-ट्रॅक पद्धतीत मधला ट्रॅक स्वतंत्र होता. ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये ट्रम्पेट आणि बेस मधोमध आहेत, त्यामुळे स्टिरिओतही चेंबर्स यांचा बेस भक्कम राहतो. ‘ब्लू ट्रेन’च्या अनुभवावरून इथे मोनोचा आग्रह धरू नये, असे मला वाटते. कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडरली यांचे सॅक्सोफोन समोरासमोरच्या बाजूंनी ऐकण्याची मजाही स्टिरिओतच आहे.

प्रतिसाद २

वरील सर्व मान्य. फक्त ‘ब्लू इन ग्रीन’बद्दल एक सुचवतो. आतल्या खाचांतली विकृती निम्मी तबकडीची असते आणि निम्मी सुईची. नवी प्रत मागवण्यापूर्वी तुमच्या कार्ट्रिजला मायक्रोलाइन टोकाची (खाचेत अधिक नेमकी बसणारी, बारीक धारेची) सुई मिळते का ते पाहा, आणि आधी ओव्हरहँग (सुई तबकडीच्या मध्यापुढे किती जाते ते अंतर) व अँटिस्केटिंग (सुईला आत ओढणाऱ्या जोराला दिलेला तोल) तपासून घ्या. माझ्या यंत्रावर सुई बदलल्यानंतर सोनीच्या साध्या प्रतीतला ट्रम्पेट इतका सुधारला की ४५ घेण्याचा विचार मी सोडून दिला. सुईचा लाभ तुमच्या संग्रहातल्या प्रत्येक रेकॉर्डला होईल. महागड्या आवृत्तीचा लाभ त्या एकीपुरताच.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मोनोचा विचार आता बाजूला ठेवतो. तीन-ट्रॅकच्या मधल्या जागेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. आज जुन्या प्रतीत केवळ बेसकडे लक्ष देऊन ‘सो व्हॉट’ ऐकले, आणि तो खरोखरच दोन्ही स्पीकरांच्या मध्ये स्थिर उभा आहे.

आधी सुई बदलेन, म्हणजे पुढचा निर्णय त्याच आधारावर घेता येईल. तोपर्यंत एवढीच विनंती: ज्यांच्याकडे अ‍ॅनालॉग प्रॉडक्शन्सची ३३⅓ ची प्रत आणि सोनीची साधी १८० ग्रॅमची प्रत अशा दोन्ही आहेत, त्यांनी ‘ब्लू इन ग्रीन’मधला डेव्हिस यांचा शेवटचा प्रवेश दोन्हींत एकामागून एक ऐकून, ट्रम्पेटची कड कुठे आणि किती फाटते ते लिहावे. कार्ट्रिज आणि सुईचा प्रकार सोबत द्यावा. तबकडीच्या शेवटच्या मोकळ्या खाचेत कोरलेली अक्षरेही जमल्यास कळवावीत, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या वेष्टनांत वेगवेगळ्या काटणीच्या तबकड्या निघतात, आणि तुम्ही ऐकलेली तबकडी आणि मी मागवणार ती तबकडी एकच आहे हे मला त्यावरूनच ताडून पाहता येईल.