फोर-हायचा दिवा लागतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत: जुनी शेवरोले एस-१०

प्रश्न
१९९९ ची एस-१० पिकअप, ४.३ लिटर व्ही-६, ऑटोमॅटिक, डॅशवर तीन बटणांची फोर-व्हील ड्राइव्ह (फोर-हाय म्हणजे चारही चाकांना नेहमीच्या वेगात ताकद, फोर-लो म्हणजे कमी वेगात जास्त ताकद). मुक्काम मिशिगन, त्यामुळे रस्त्यावरच्या मिठाने खाली बराच गंज. फोर-हाय दाबलं की खालून मोटर फिरल्याचा आवाज येतो, दिवा लुकलुकून स्थिर होतो. तरी बर्फात मागचीच चाकं फिरतात. फोर-लोमध्ये गाडीचा वेग कमी आणि ताकद जास्त होते, पण तीही मागच्याच चाकांवर. शिवाय हल्ली कुठलाही मोड लावला तरी हीटरची हवा समोरच्या काचेवरच येते. याचा त्याच्याशी संबंध असेल का? घरी जॅक, स्टँड, पाने आणि मल्टिमीटर आहे. ट्रान्सफर केसला (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) हात लावण्याआधी काय तपासू?

प्रतिसाद १
संबंध आहे, आणि तोच सगळ्यात मोठा धागा आहे. हीटरच्या झडपा आणि पुढचा अ‍ॅक्सल, दोन्ही इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा खेचतं त्या ओढीवर, चालतात. व्हॅक्यूम गळला की हवा आपोआप काचेकडे जाते.

या गाडीत पुढचं डावं चाक डिफरन्शियलला (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा संच) कायम जोडलेलं असतं. उजव्या बाजूचा शाफ्ट मात्र एका सरकत्या स्लीव्हने (दातेरी नळीने) जोडला-तोडला जातो. स्लीव्ह जोडली नाही, तर डिफरन्शियलचे छोटे गिअर नुसते गरगरतात आणि डाव्या चाकालाही ताकद मिळत नाही. ही स्लीव्ह सरकवतो फोर्क, फोर्कला ओढते केबल, केबलला ओढतो बॅटरीच्या ट्रेखालचा व्हॅक्यूम अ‍ॅक्च्युएटर, आणि त्याच्याकडे व्हॅक्यूम सोडतो ट्रान्सफर केसवरचा स्विच. दिव्याला यातलं काहीच कळत नाही. तो फक्त ट्रान्सफर केसच्या मोटरची जागा सांगतो.

आधी बिघाड कुठल्या अर्ध्यात आहे ते ठरवा. सपाट जागी, इंजिन चालू ठेवून फोर-हाय लावा, गाडी हात-दोन हात पुढे घ्या, पार्कमध्ये टाका आणि इंजिन बंद करा. मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावून पुढची दोन्ही चाकं स्टँडवर घ्या. आता पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसकडून पुढच्या डिफरन्शियलकडे जाणारा दांडा) हाताने फिरवून बघा. मोकळा फिरला तर दोष ट्रान्सफर केस किंवा तिच्या मोटरकडे. घट्ट असेल तर ती बाजू ठीक आहे. मग डावं चाक फिरवा. उजवं उलट्या दिशेने फिरलं तर अ‍ॅक्सल जोडलेला आहे, उजवं जागचं हललं नाही तर स्लीव्ह जोडलेलीच नाही. चाकं अधांतरी असताना फोर-व्हीलमध्ये इंजिन अजिबात चालू करू नका, गाडी स्टँडवरून उडी मारेल.

प्रतिसाद २
पुढच्या तपासणीला हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप घ्या. त्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार होतो.

अ‍ॅक्च्युएटरची नळी काढून तिथे पंप जोडा आणि १५ ते २० इंच पारा एवढा व्हॅक्यूम द्या. काटा किमान एक मिनिट जागचा हलता कामा नये, आणि केबल ओढली गेलेली दिसली पाहिजे. काटा पडला तर त्याच्या आतला रबरी पडदा फाटलाय. काटा टिकला पण केबल हलली नाही, तर केबल किंवा फोर्क गंजून जाम आहे. मग इंजिनकडून स्विचकडे येणारी नळी काढून पंपाचाच गेज लावा. इंजिन आयडलला असताना १७ ते २१ इंच दिसायला हवेत. दिसले नाहीत तर वाटेत नळी तुटली आहे. प्लास्टिकच्या या नळ्या वयाने ठिसूळ होतात आणि कोपऱ्यावर मोडतात.

नळीतून लाल तेल निघतंय का, तेही बघा.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. प्रोपेलर शाफ्ट घट्ट, उजवं चाक जागचं हलत नाही. अ‍ॅक्च्युएटरवर १८ इंच दिले की दहा सेकंदांत काटा शून्यावर. स्विचकडच्या नळीत लाल तेल आहे.

प्रतिसाद ३
मग दोन गोष्टी बदला: अ‍ॅक्च्युएटर आणि स्विच. एकच बदलून भागणार नाही. स्विचचं आतलं सील गेलं की इंजिनचा व्हॅक्यूम ट्रान्सफर केसमधलं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल) वर ओढतो. तेल नळ्यांतून हीटरच्या कंट्रोलपर्यंत पोचतं आणि रबर फुगवतं.

अ‍ॅक्च्युएटरसाठी बॅटरी आणि ट्रे काढावाच लागतो. बहुतेक वेळा बॅटरीतून झिरपलेल्या अ‍ॅसिडनेच त्याचं वाटोळं केलेलं असतं. तिथे खाण्याच्या सोड्याचं पाणी ओता, फेस थांबेपर्यंत धुवा, आणि बॅटरी झिरपत असेल तर तीही बदला. नाहीतर नवा अ‍ॅक्च्युएटर त्याच वाटेने जाईल. जोडण्याआधी केबल पक्कडने ओढून बघा. त्याच वेळी कुणाला तरी उजवं चाक सावकाश फिरवायला सांगा, म्हणजे दाते जुळतील. केबल सोडल्यावर स्प्रिंगने परत गेली पाहिजे. खरखरत असेल तर बदला, तेल सोडून तात्पुरती सुटलेली केबल मिठाच्या रस्त्यावर फार टिकत नाही.

स्विच ट्रान्सफर केसच्या वर, हात जेमतेम पोचेल असा आहे. गिअरबॉक्सला जॅकचा आधार देऊन मागचा क्रॉसमेंबर (खालचा आडवा आधार) सोडला आणि दोन इंच खाली घेतलं की पाना बसतो. नळ्यांच्या जागा आधी मोबाइलवर टिपून ठेवा. तेलकट नळ्या दोन्ही टोकं सोडून हवेने साफ करा. अ‍ॅक्च्युएटर किंवा हीटर कंट्रोल जोडलेला असताना हवा मारलीत तर पडदे फाटतील. शेवटी ट्रान्सफर केसचा वरचा प्लग उघडून डेक्सरॉन एटीएफ भोकाच्या कडेपर्यंत भरा. वर ओढलं गेलेलं तेल तिथूनच कमी झालंय.

प्रतिसाद २
एक राहिलं. व्हॅक्यूमच्या साठवण डब्याजवळचा एकदिशी व्हॉल्व्हही तोंडाने फुंकून बघा. हवा एकाच बाजूने गेली पाहिजे. तो खराब असला तर अंगणात सगळं ठीक चालतं, पण चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनचा व्हॅक्यूम पडतो, स्लीव्ह निसटते आणि उजवीकडून करकर ऐकू येते. तशी चालवली तर स्लीव्हचे दाते झिजतात, आणि मग अ‍ॅक्सल उघडावा लागतो. चाचणी बर्फावर किंवा खडीवरच घ्या, कोरड्या डांबरावर नको.