पहिली-दुसरीच्या मुलांना तयार हिरवा द्यावा का?

तीनरंगी (धागाकर्ता)

भूमिका आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. सहा ते आठ वर्षांच्या मुलांच्या चित्रकलेच्या तासाला बारा वड्यांची रंगपेटी बंद करावी. टेबलावर पिवळा, तांबडा, निळा आणि पांढरा एवढेच पोस्टर कलर. हिरवा, केशरी, तपकिरी ज्याला हवा असेल त्याने तो बनवावा.

पेटीत हिरवा असला की झाड त्या हिरव्याचं, गवत त्याच हिरव्याचं, बेडूकही त्याच हिरव्याचा. बनवायला लावला तर शेजारी बसलेल्या दोघांचे हिरवे जुळत नाहीत, आणि एकाच मुलाला तोच हिरवा दुसऱ्यांदा येत नाही. छटा म्हणजे काय हे फळ्यावर लिहून शिकवावं लागत नाही.

प्रमाण: चार मुलांमागे एक पांढरी थाळी. कडेने पिवळा २ चमचे, पांढरा २, तांबडा १, निळा अर्धा. मधली जागा मिसळायला मोकळी. ३६ मुलांच्या वर्गाला ९ थाळ्या, म्हणजे पिवळा आणि पांढरा प्रत्येकी ९० मिली, तांबडा ४५, निळा जेमतेम २३. निळा अर्धाच, कारण तो जबर असतो. हिरवा करताना आधी पिवळा घ्यायचा आणि त्यात ब्रशच्या टोकाला लागेल एवढाच निळा. उलट केलं, म्हणजे निळ्यात पिवळा ओतत बसलं, तर दोन्ही चमचे पिवळा संपतो आणि हाती गडद बाटलीहिरवाच राहतो.

ओलं_फडकं

साफ असहमत.

ही थाळी धाग्यात छान दिसते, चाळीस मिनिटांच्या तासात बसवून पाहू. मांडामांड ५ मिनिटं, प्रात्यक्षिक ६, आवराआवर ८. ही आठ कापायला गेलात तर पुढच्या विषयाचे शिक्षक दारात उभे आणि मुलांचे हात कोपरापर्यंत निळे. उरली २१. झाडाला हिरवा, खोडाला तपकिरी, घराला केशरी, आणि सहा वर्षांच्या मुलाला मनासारखा एक रंग बनवायला तीन मिनिटं धरा. नऊ गेली. थाळी एक, मुलं चार, मिसळायची जागा एकच, म्हणजे तिथेही रांग. चित्राला उरतात दहा-बारा मिनिटं, आणि त्यातली निम्मी "माझ्या हिरव्यात तांबडा कोणी घातला?" यात जातात.

दुसरं, तुमचं निदानच पटत नाही. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. त्यांत साधारण सात ते नऊ वर्षांचा टप्पा ठरावीक आकृत्यांचा आहे: खाली जमिनीची रेघ, वर आकाशाची पट्टी, प्रत्येक वस्तूला तिचा ठरलेला रंग. हा आळस नाही, मुलाने नुकताच लावलेला शोध आहे. त्या वयात हिरवा हे जवळजवळ झाडाचं नावच असतं. तीन रंग दिले तरी मूल एक हिरवा बनवतं आणि तोच सगळीकडे लावतं. फक्त पंधरा मिनिटं उशिरा.

निळसर

दोघंही "तांबडा, तांबडा" म्हणताय, पण कोणता? अर्धा वाद इथेच मिटेल.

शेंदरीकडे झुकणाऱ्या तांबड्यात पिवळ्याचा अंश असतो. त्यात हिरवटकडे झुकणारा निळा, म्हणजे प्रशियन किंवा थॅलो, मिसळला की तिन्ही मूळ रंग एकत्र आले. जांभळा येतच नाही, काळपट तपकिरी येतो. शिक्षक म्हणतात "निळा कमी घाल", मूल कमी घालतं, पुन्हा तपकिरी. प्रमाण कितीही बदला, हाच प्रकार. बाटलीच चुकीची आहे.

तीनच बाटल्या आणायच्या असतील तर लिंबू पिवळा, गुलाबीकडे झुकणारा मॅजेंटा आणि आकाशीकडे झुकणारा सायन. छपाईत काळ्याबरोबर हेच तीन असतात. मॅजेंटात थोडा पिवळा घातला की झकास तांबडा मिळतो. शेंदरीतून मॅजेंटा मात्र काही केल्या मिळत नाही. दोन तांबडे, दोन निळे, दोन पिवळे अशी सहा रंगांची मांडणी सगळ्यांत चांगली, पण ती चौथी-पाचवीसाठी राखून ठेवा. लहान मुलांना "हा निळा की तो निळा" यातच अडकायला होतं.

आणि तासाआधी चाचणी घ्या. ज्या कागदावर मुलं रंगवणार त्याचीच पट्टी, तिन्ही जोड्या मिसळून, पूर्ण वाळू द्यायची. पोस्टर कलर ओला असताना वेगळा दिसतो, वाळला की चमक जाऊन फटकतो.

कोरडा_ब्रश

रंग चार असोत की बारा, चिखल ब्रशमुळे होतो. त्यामुळे हा वादच चुकीच्या जागी चाललाय असं माझं मत.

मूल ब्रश पाण्यात बुडवतं, दोनदा ढवळतं आणि टपटपता ब्रश थेट रंगात घालतं. आधीचा रंग गेलेला नसतो, वर चमचाभर पाणी आलेलं असतं. थाळीतला पिवळा तिसऱ्या मिनिटाला शेवाळी. वड्यांच्या पेटीतही पहिला बळी पिवळ्याचाच जातो.

पहिले तीन-चार तास एकच रंग आणि पांढरा. फक्त सवय लावायची: पहिल्या डब्यात धुवायचा, तळाला केस आपटायचे नाहीत, भिंतीला पुसायचे. दुसऱ्या डब्यात खळबळायचा. मग घडी केलेल्या ओलसर फडक्यावर दोन्ही बाजूंनी टिपायचा. फडक्यावर रंग उमटला तर परत पहिला डबा. उमटला नाही तरच नवा रंग. डबे रुंद बुडाचे आणि एक तृतीयांशच भरलेले. काठोकाठ भरलेला डबा सांडण्यासाठीच ठेवलेला असतो. ब्रश डब्यात उभा सोडला की केस वाकतात, शिवाय पत्र्याच्या टोपीत पाणी शिरून लाकूड फुगतं, मग टोपी सैल होते आणि केसांचा झुबका निघून कागदावर येतो.

ब्रशही बघा. पोस्टर कलरला राठ केसांचा चपटा १० किंवा १२ नंबर. जलरंगाचा मऊ गोल ब्रश दाट रंगात घातला तर तो रंग उचलतच नाही, मुलं दाबून घासतात आणि दोन तासांत त्याचा केरसुणीसारखा पिसारा होतो.

हे बसलं की तीन रंग द्या नाही तर तेरा.

तीनरंगी

निळसर, मॅजेंटाचं मान्य. मूळ धाग्यात नुसतं "तांबडा" लिहिणं ही चूकच. वाचणाऱ्यांनी तिथे मॅजेंटा वाचावं.

कोरडा_ब्रश, धुणं-पुसणं बरोबर आहे, पण एकाच रंगाचे चार तास? ब्रश का धुवायचा हे मुलाला तेव्हाच कळतं जेव्हा न धुतल्याने काहीतरी बिघडतं. एका रंगात बिघडायला आहेच काय?

ओलं_फडकं, वेळेचा हिशेब बिनचूक, पण तो "आधी सगळे रंग बनवा, मग चित्र काढा" असा धरलाय. तसं नकोच. एक तास फक्त रंग बनवायचे: अर्ध्या कागदावर ३ सेंमीचे पाच चौकोन, पहिल्यात निव्वळ पिवळा, मग दर चौकोनाला टोकाएवढा निळा वाढवत न्यायचा. उरलेल्या अर्ध्यावर त्यातला आवडलेला हिरवा मोठा फासायचा. कागद वाळवून पुढच्या तासाला कापून झाडं चिकटवायची. मिसळण्याची घाई नाही, चित्रात पाच हिरवे.

ओलं_फडकं

ते कोलाज झालं. चांगलं असतं, पण चित्र रंगवणं नव्हे. ओल्या रंगाशेजारी दुसरा ओला रंग नेला की तो आत पसरतो, म्हणून केसभर जागा सोडायची किंवा आधी कागदाच्या दुसऱ्या टोकाला जायचं. मोठे भाग आधी, डोळे-ठिपके-काड्या वाळल्यावर. तेच ते घासलं की कागदाचे बोळे निघतात, म्हणून एका जागी तीन फटकारे आणि पुढे. हे सगळं कात्री-डिंकात कुठे येतं?

तुमच्या तीन रंगांच्या हट्टापायी याच गोष्टी मागे पडतात, हीच माझी तक्रार आहे. तयार रंग दिले तर २१ च्या २१ मिनिटं ब्रश कागदावर असतो.

लेबल_लावा

मध्येच एक. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारं मूल वर्गात असू शकतं. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये हे बरंच जास्त आढळतं आणि पहिली-दुसरीत बहुतेकदा कुणालाच माहीत नसतं. "डोळ्याला बरा वाटेल तोवर मिसळ" ही सूचना अशा मुलावर अन्याय करते. त्याचा तपकिरी आणि हिरवा त्याच्या लेखी सारखेच असू शकतात, आणि वर चेष्टा होते.

उपाय साधे. थाळीच्या कडेला मार्करने रंगाचं नाव, आणि क्रम कायम तोच: घड्याळाच्या दिशेने पिवळा, तांबडा, निळा, पांढरा. यात पिवळा आणि निळा समोरासमोर येतात हा फायदा जास्तीचा, चुकून एकमेकांत वाहत नाहीत. मिसळताना मोजून सांगा: पिवळ्याचे चार थेंब, निळ्याचा एक. तयार रंगांच्या बाजूने असाल तरी बाटल्यांवर नावं लिहाच.

निळसर

थेंब मोजण्याला +१. पण "४ ला १" सगळीकडे चालत नाही. थॅलो असेल तर दहाला एकही भारी पडतो. आपल्या बाटलीचं प्रमाण आधी काढा, मग फळ्यावर लिहा.

ओलं_फडकं, वड्यांच्या पेटीत अडचण पाण्याची. वडी कोरडी असते, मुलं ती खरवडतात, ब्रशचे केस झिजतात आणि रंग येतो फिकट. तासाच्या पाच मिनिटं आधी प्रत्येक वडीवर पाण्याचे तीन-चार थेंब टाकून ठेवा. तास संपल्यावर पिवळी आणि पांढरी वडी ओल्या स्पंजने पुसून वरचा मळका थर काढा. हे होणार नसेल तर बाटलीतले रंगच बरे.

कोरडा_ब्रश

@तीनरंगी: एका रंगात बिघडायला काय आहे? पांढरा. निळ्याने भरलेला ब्रश न धुता पांढऱ्यात घातला की पांढरा कायमचा आकाशी. डोळ्यांदेखत. तेवढा धडा पुरतो आणि तीन रंगांची नासाडी वाचते. शिवाय निळा-पांढऱ्यात पाच छटा निघतात, तुमच्या पाच चौकोनांचा हेतू तिथेच साधतो.

काळ्याबद्दल अजून कुणी बोललं नाही. काळा सुरुवातीला अजिबात नको. मुलं छटा गडद करायला तोच ओढतात; पिवळ्यात काळा घातला की सावली येत नाही, शेवाळ येतं. पण डोळे, केस, पक्ष्याची चोच यांसाठी मुलांना तो लागतो आणि ती मागणी रास्त आहे. चित्र वाळल्यावर बारीक गोल ब्रशने द्या. ओल्यावर मार्कर चालवू देऊ नका, टोक रंगाने भरून मार्कर फुकट जातो.

कागदी

कागद सगळे विसरलेत. वहीच्या ८० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पानावर वरचं काहीच जमणार नाही. एका बाजूने तंतू भिजून फुगतात, पान पन्हाळीसारखं वळतं आणि रंग खोलगट भागात साचतो. पोस्टर कलरला निदान १५० जीएसएम, पाणी जास्त वापरणार असाल तर २०० च्या वर. नाव आणि वर्ग पेन्सिलीने मागच्या बाजूला, रंगाला हात लावण्याआधी. ओली चित्रं दोरीला टांगू नका, रंग ओघळतो. आडवी ठेवा, दुसऱ्या दिवशी वजनाखाली दाबा.

रंग दाट सायीइतका हवा. फार जाड थापला तर वाळून तडकतो, कागद वाकवला की खपल्या पडतात. फार पाणी घातलं तर चिकटद्रव्य विरळ होतं आणि वाळल्यावर बोटाला भुकटी लागते.

अवांतर: पोस्टर कलरच्या जागी कुणी ॲक्रिलिक सुचवलं तर नको म्हणा. वाळल्यावर तो कपड्यातून निघत नाही, आणि ब्रशमध्ये वाळला की ब्रश गेला.

ओलं_फडकं

कागदाचं आणि लेबलांचं बिनशर्त मान्य. तीन रंगांचं अजून नाही. एक मधला रस्ता सुचवतो, पटतोय का पाहा: हिरवा, केशरी, तपकिरी शिक्षकांनी आदल्या दिवशी मुलांसमोर बनवून झाकणाच्या डब्यांत भरावेत. मिसळणं मुलांनी पाहिलं, आणि चित्राच्या तासाला रंग तयार. मात्र पाणी घातलेला पोस्टर कलर आठवड्याच्या आत संपवा, पुढे झाकणाआडही वास मारायला लागतो.

तीनरंगी

पाहिलं म्हणजे केलं नव्हे. पोहणं काठावरून शिकता येत नाही.

पण रिकाम्या हाताने कशाला जायचं. कोरडा_ब्रशचं ऐकून पहिले दोन तास निळा आणि पांढरा. चार नाही, दोनच. काळा शेवटच्या पाच मिनिटांत. आणि ज्यांच्याकडे शेंदरी तांबड्याच्या बाटल्या आधीच भरून पडल्या आहेत त्यांनी जांभळ्याची तयार बाटली खुशाल आणावी, कारण तो त्यांना बनवता येणारच नाही. हिरव्याला ही सवलत नाही. लिंबू पिवळ्यातून तो पहिल्याच प्रयत्नाला मिळतो.

ओलं_फडकं

जांभळा तयार चालतो, काळा चालतो, हिरवा नाही? मग धाग्याचं शीर्षक बदला.

तीनरंगी

शीर्षक हिरव्याचंच आहे. परत वाचा.