रिफच्या डोंगरात खरदाला हवा की बेलदिया?

ओलावा:
मोरोक्कोच्या रिफ भागात गांजाचे दोन वाण आहेत. बेलदिया म्हणजे तिथलं गावरान: फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरा, पावसाच्या ओलीवर वाढ, जुलै-ऑगस्टमध्ये कापणी. खरदाला हा संकरित. फुलं भरगच्च, राळ (चरस जिच्यापासून बनतो तो चीक) जास्त, टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) जास्त. पण तो सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत रानात उभा असतो, म्हणजे ऐन कोरड्या दिवसांत पाणी मागतो. मग बोअर, पंप, ठिबक, शेततळं आलंच. माझं मत स्पष्ट आहे, त्या उतारांवर खरदाला नकोच. २०२१ च्या कायद्याने अल होसेमा, शेफशाउएन आणि तावनात या प्रांतांत औषधी-औद्योगिक लागवडीला परवाना मिळतो, २०२४ पासून बेलदियालाही. सगळा जोर तिथे लावा.

बांधावरून:
अजिबात पटलं नाही. बेलदियाच्या शंभर किलो सुक्या मालातून राळ निघते दोन किलोच्या आसपास. खरदालात त्याच्या दुप्पट-तिप्पट. डोंगरातला तुकडा एवढासा, माती हलकी, त्यात युरोपातलं गिऱ्हाईक कडक माल मागणारं. शेतकरी हायब्रीडकडे हौसेने नाही वळला. ऑगस्ट २०२४ मध्ये राजाने ४,८०० हून अधिक गांजा-शेतकऱ्यांना माफी दिली; इतकी माणसं शिक्षा, खटला नाहीतर पोलिसांचा शोध यांत अडकली होती. त्यांना कमी उत्पन्नाचं बी घ्यायला कुठल्या तोंडाने सांगणार?

ओलावा:
उत्पन्न कुणाचं, दादा? ज्याच्याकडे पंप त्याचं. वरच्याने बोअर मारला की खालच्याचा झरा आटतो, आणि खालच्याने खरदाला लावलेलाही नसतो.

बीजपेटी:
बियाण्याचं कुणीच बोललं नाही. गांजात नर-मादी झाडं वेगळी आणि परागीभवन वाऱ्यावर. राळ हवी म्हणून खरदालावाले नर उपटतात, पण एखादा राहून गेला की पराग शेजारच्या रानात. बेलदिया आधी फुलतं म्हणून थोडं वाचतं, उशिरा पेरलेलं नाही वाचत. शिवाय हायब्रीडचं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर एक झाड उंच, एक बुटकं. म्हणजे बी विकत घ्या नाहीतर फांद्या लावा. पिढ्यान्‌पिढ्या घरचं बी राखणाऱ्याचा हात यात बांधला जातो, याची मला जास्त काळजी आहे.

काळीची_कसणारी:
आपल्याकडे १९६४ ला सीएसएच-१ ज्वारी आली, खरिपात हायब्रीडनं मुसंडी मारली. रब्बीत मात्र मालदांडी हटली नाही, कारण ती जमिनीतल्या ओलीवर येते. रिफमध्येही तेच करा. खात्रीचं पाणी आहे तिथे खरदाला, बाकी बेलदिया. सरसकट बंदी कशाला?

बांधावरून:
ताई, मालदांडीला भाकरी खाणारं घर आहे, कडब्याला गोठा आहे. बेलदियाला भाव देणारा आधी दाखवा, मग शेतकरी आपसूक वळेल.

ओलावा:
भावाचं मान्य. परवानाधारक शेतकऱ्याचा माल सहकारी संस्थेमार्फतच जातो, तर तिने बेलदियाचा दर पेरणीआधी जाहीर करावा. आणि खरदाला द्यायचाच असेल तर पाणी कुठलं, किती, हे परवान्यावर लिहा. झऱ्यावर पंप असेल तर परवाना नाही. यावर मी मागे हटणार नाही.

बांधावरून:
दर आधी, पाण्याची अट नंतर. उलटं केलंत तर तो विनापरवाना लावेल, आणि मग तुमची अट वाचायला कुणी उरणार नाही.